बेळगावात दुचाकी चोरी वाढली काय नाही, प्रोजेक्टात कसं दाखवू?

शहापूरची_पोर
नमस्कार सगळ्यांना. मी एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्याच्या मास्टर्सच्या) शेवटच्या वर्षाला आहे आणि बेळगाव शहरातली दुचाकी चोरी हा विषय घेतलाय. दोन वर्षामागं बाबांची गाडी घराच्या दारातनं गेली ती गेलीच, तेव्हापासनं हे डोक्यात आहे. आत्तापर्यंत कॉलेजातल्या ६० जणांकडनं फॉर्म भरून घेतले आणि कर्नाटक पोलिसांच्या वेबसाईटवर एफआयआर बघून बघून वहीत आकडे उतरवले. मला लिहायचंय की चोऱ्या वाढल्यात, पण गाईड म्हणतात हे नुसतं मोजणं झालं, यात रिसर्चचा प्रश्नच नाही. आता नेमकं काय करू? पुढच्या महिन्यात सबमिशन आहे, कुणीतरी नीट सांगा की.

जुना_रायटर
पोरी, मी पोलीस स्टेशनात बरीच वर्षं रायटर, म्हणजे लिखापढी करणारा होतो, म्हणून सांगालोय. एफआयआर म्हणजे चोरी नव्हे, चोरीची नोंद. नवीन गाडी गेली की माणूस धावत येतोय कारण एफआयआरशिवाय इन्शुरन्सवाले क्लेम देत नाहीत, पण पंधरा वर्षाची जुनी गाडी, इन्शुरन्स कधीच संपलेला, त्याचा मालक म्हणतोय जाऊ दे, कोर्टाच्या फेऱ्या कोण मारणार. म्हणजे तुझ्या वहीत नव्या गाड्या जास्त दिसणार, आणि त्यावरनं तू लिहिणार की चोर नवीनच गाड्या नेतात. तसं लिहू नको.
दुसरं म्हणजे एका एफआयआरात चार गुन्हे असले तरी एनसीआरबीच्या (देशभरातले गुन्ह्याचे आकडे गोळा करणारी केंद्राची संस्था) आकड्यात त्यातला सगळ्यात मोठा एकच धरतात. चाकू दाखवून गाडी काढून घेतली तर ती जबरी चोरीत जाणार, वाहनचोरीत तुला सापडायची नाही. आणि तारीख घेताना गाडी गेल्याची घे, एफआयआरची नको, दोन्हीत कधीकधी महिन्याचा फरक असतोय.
माझं मत विचारशील तर फॉर्म सोडून दे, रेकॉर्डवरच काम कर. लोक फॉर्मात काहीही लिहितात.

निपाणीचा_मास्तर
मामांचं नोंदीबद्दलचं सगळं पटलं, पण फॉर्म सोडायचं नाही पटलं. जे स्टेशनात आलेच नाहीत ते रेकॉर्डमध्ये कुठनं सापडणार? त्यासाठीच तर लोकांना सरळ विचारायचं असतंय, अमेरिकेत असा सर्व्हे १९७३ पासनं चालू आहे आणि पोलिसांच्या आकड्याशेजारी तो ठेवून बघतात.
ताई, तुमची अडचण फॉर्मात नाही, ६० जण कुठले घेतले त्यात आहे. कॉलेजातली पोरं म्हणजे बेळगाव नव्हे. भाजी मार्केटला पहाटे गाडी लावणारा, उद्यमबागला नाईट शिफ्ट करणारा, हे तुमच्यात आलेच नाहीत. त्या ६० ला पायलट, म्हणजे आधीची चाचणी म्हणा, त्यावरनं प्रश्न सुधारा आणि एकच वॉर्ड धरून दर दहावं घर करा. थोडी घरं झाली तरी चालतील, पण निवड तुमच्या सोयीची नको.
विचारताना 'गेल्या एका वर्षात' असं विचारू नका. माणसाला दोन वर्षामागची चोरी काल झाल्यासारखी आठवतीय, विशेषतः मनाला लागलेली. 'मागच्या गणपतीपासनं या गणपतीपर्यंत' असं विचारा, लगेच आठवण जागेवर येतीय बघा.
आता वाढ. समजा एका स्टेशनात २ चे ४ झाले, तर १०० टक्के वाढ लिहिता येतीय, पण त्यात काही दम नाही. निदान चारपाच वर्षं शेजारीशेजारी ठेवा. आणि भागायचं कशानं? एनसीआरबी दर लाख लोकसंख्येमागं दर काढतंय, पण गाडी चोरीला खरा भाजक गाड्यांचा पाहिजे, रस्त्यावर गाड्याच दुप्पट झाल्या तर चोऱ्या वाढणारच की. केए-२२ ची, म्हणजे बेळगाव आरटीओची नोंदणी घेतलात तर ती फक्त शहराची नसते, आणि चंदगड-कोल्हापूरकडनं रोज येणाऱ्या एमएच-०९ गाड्या त्यात नसतात. हे दोन्ही मर्यादा म्हणून सरळ लिहून टाका.
अजून एक. कॅमेरे आहेत तिथंच चोऱ्या जास्त दिसल्या तर कॅमेऱ्यामुळं चोरी वाढली असं होत नाही, चोऱ्या जास्त म्हणूनच तिथं कॅमेरे बसवलेले असू शकतात.

खानापूरची_वकील
थोडं कायद्याचं. १ जुलै २०२४ पासनं जुन्या आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, त्यामुळं साध्या चोरीचं कलम ३७९ जाऊन ३०३(२) झालं. तू फक्त ३७९ शोधत बसलीस तर २०२४ च्या मध्यापासनं चोऱ्या एकदम कमी झाल्यासारख्या दिसतील. आणि जूनमध्ये गेलेल्या गाडीचा एफआयआर ऑगस्टमध्ये झाला तरी कलम जुनंच लागतं, म्हणून दोन्ही कलमं बघ.
शहर पोलीस आयुक्तांच्या हद्दीत आणि बाकी जिल्हा एसपींकडं, हे आकडे मिसळू नको. जे वेबसाईटवर मिळत नाही ते आरटीआयनं माग, पण कर्नाटकात अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत बसवावा लागतो. कन्नडमध्ये दिलास तर सोपं पडेल, लागलं तर मी लिहून देते. आणि एफआयआर ऑनलाईन दिसतो म्हणून फिर्यादीचं नाव-पत्ता प्रोजेक्टात घालू नको गं, फॉर्मवरपण नावाऐवजी नंबर दे.

शहापूरची_पोर
मामा, सर, ताई, खूप खूप धन्यवाद. काल रात्री वही परत काढली तर खरंच मी सगळीकडं एफआयआरचीच तारीख घेतली होती, आता परत पहिल्यापासनं बसते. 'चोऱ्या वाढल्या का' हे काढून टाकलं. नवीन प्रश्न असा केलाय: शहापुरातल्या एका वॉर्डात दुचाकी गेलेल्यांपैकी किती जणांनी तक्रार दिली, आणि न देणाऱ्यांनी का दिली नाही. आमच्या बाबांनीपण दिली नव्हती, हे मला परवाच कळालं. सर, हा प्रश्न एका महिन्यात होईल का?

निपाणीचा_मास्तर
होतंय. १०० घरं धरा, रविवारी सकाळी जावा, माणसं घरात असतात. फॉर्म मराठी-कन्नड दोन्हीत करा आणि कन्नड फॉर्म दुसऱ्या कुणाकडनं तरी परत मराठीत करून घ्या, अर्थ तोच येतोय का बघायला. फॉर्म इथं टाका, बघतो.