मदत हवी आहे: आरव्हीने झायन-ब्राइस-ग्रँड कॅनियन, रात्री फुकट गाडी कुठे लावता येईल?

पायवाट:
ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात लास व्हेगसहून 25 फुटी क्लास सी आरव्ही (ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेलं चालतं घर) भाड्याने घेतोय. झायन, ब्राइस, पेज, ग्रँड कॅनियनची साउथ रिम (दक्षिणेकडचा कडा) आणि परत, एकूण सहा रात्री. आम्ही दोघं, मुलगी आणि भारतातून येणारे आई-बाबा. बाबांना झोपताना सीपॅप (हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणारं यंत्र) लागतं. निदान निम्म्या रात्री कॅम्पग्राउंडचे पैसे न भरता काढायच्या आहेत. वॉलमार्टच्या आवारात रात्रभर गाडी लावू देतात म्हणे, ते खरं का? पार्कच्या पार्किंगमध्येच झोपलं तर? बीएलएमच्या (सरकारी मोकळ्या जमिनी सांभाळणारं केंद्रीय खातं) जमिनीवर जायचं तर जागा शोधायची कशी? आणि वीज जोडलेली नसताना हीटर आणि सीपॅप रात्रभर चालतील का?

मुक्कामपोस्ट:
पार्कच्या पार्किंगमध्ये झोपायचं नाही. नॅशनल पार्कमध्ये ठरलेल्या कॅम्पग्राउंडबाहेर गाडीत मुक्काम करायला बंदी आहे. रेंजर रात्री दार वाजवतात, दंडही होऊ शकतो.

वॉलमार्टचा सगळीकडे एकच नियम नाही. परवानगी त्या-त्या दुकानाचा मॅनेजर देतो, आणि गावाचाच मनाई हुकूम असेल तर त्याच्याही हातात काही नसतं. त्याच दिवशी दुपारी फोन करून विचारा. कॅम्पिंगच्या ॲपमधली मागच्या वर्षीची 'चालतं' अशी नोंद पुरेशी नाही. होकार मिळाला तर अंधार पडता पडता पोचा, दुकानाच्या दारापासून लांबच्या कडेला लावा आणि सकाळी लवकर निघा. स्लाइड-आउट (बाहेर सरकणारा खोलीचा भाग), गाडीच्या बाजूची कापडी छत्री, खुर्च्या यातलं काही बाहेर काढायचं नाही, जनरेटर लावायचा नाही. लेव्हलिंग जॅक (गाडी सपाट करणारे पाय) असतील तर तेही टेकवू नका, डांबरात खड्डे पडतात. ही जागा झोपण्यापुरती मिळते. लोकांनी तिथे संसार मांडला म्हणूनच अनेक दुकानांनी परवानगी बंद केली आहे.

गाडी ताब्यात घेतानाच एक गोष्ट तपासा: स्लाइड बंद असताना सगळे पलंग उघडतात का? काही मॉडेलमध्ये उघडत नाहीत, मग आई-बाबांची पंचाईत होईल.

हायवेच्या रेस्ट एरियाचे नियम राज्यागणिक बदलतात. टेक्सासमध्ये 24 तास थांबता येतं, कॅलिफोर्नियात 8, फ्लोरिडात फक्त 3. तुमच्या वाटेवर त्यांच्या भरवशावर राहू नका.

माळरान:
या मार्गावर फुकट मुक्कामासाठी बीएलएम आणि नॅशनल फॉरेस्टच्या जमिनी सगळ्यात चांगल्या. बहुतेक ठिकाणी 14 दिवसांपर्यंत राहता येतं, पण पाणी, संडास, कचराकुंडी यातलं काहीही नसतं.

झायनसाठी हरिकेन आणि व्हर्जिनच्या मधला बीएलएमचा पट्टा बघा. हरिकेन क्लिफ्स भागात जागा आखून दिल्या आहेत, खुणेच्या जागेतच गाडी लावा. ब्राइसजवळ डिक्सी नॅशनल फॉरेस्टमध्ये हायवे 12 वरून निघणारा टॉम्स बेस्ट स्प्रिंग रोड आहे. ग्रँड कॅनियनसाठी टुसायानच्या दक्षिणेला कैबाब नॅशनल फॉरेस्टचा रस्ता 302. फॉरेस्टमध्ये कुठल्या रस्त्यावर गाडी नेता येते हे मोटर व्हेइकल यूज मॅपवर दिसतं, तो नकाशा फुकट मिळतो.

ॲपमध्ये जागा सापडली की लगेच निघू नका. आधी उपग्रह-चित्रावर वळायला जागा आहे का ते बघा, मग अलीकडच्या नोंदी वाचा. इथे वॉलमार्टच्या उलट करायचं: उजेड असताना पोचायचं. कच्च्या रस्त्याच्या तोंडाशी गाडी उभी करून एकाने पुढचा रस्ता पायी बघून यावा. पाऊस झाला असेल तर कच्च्या रस्त्यावर उतरूच नका. इथल्या मातीचा असा चिकट राडा होतो की मागची चाकं नुसती जागेवर फिरतात, आणि टो ट्रकच्या पैशात आठवडाभराचं कॅम्पग्राउंड झालं असतं. त्याहीआधी भाडेकरार वाचा. बऱ्याच करारांत कच्च्या रस्त्यावर झालेलं नुकसान विम्यात धरत नाहीत.

दोन सावधगिऱ्या. पेज ते कॅमेरॉन हायवे 89 वर दोन्ही बाजूंना मोकळं वाळवंट दिसतं, पण ती नावाहो नेशनची जमीन आहे. परवान्याशिवाय तिथे मुक्काम करायचा नाही. आणि पेजजवळचा लोन रॉक बीच रम्य असला तरी फुकट नाही, शिवाय वाळूत गाडी रुतते.

बारा_व्होल्ट:
विजेचं गणित मांडूनच बघा. समजा 100 अँप-अवरची लेड-ॲसिड बॅटरी आहे. त्यातली निम्मीच वापरायची, म्हणजे 50. फर्नेस, म्हणजे गाडीतला हीटर, गॅसवर चालतो, पण त्याचा पंखा 7-8 अँप खातो. दहा तासांच्या रात्रीत तो निम्मा वेळ चालला तर 38 च्या आसपास गेले. दिवे, पंप, फ्रिजचा बोर्ड, गॅस अलार्म मिळून आणखी 8-10. एवढ्यातच बॅटरी संपली. सीपॅपचा ह्युमिडिफायर आणि तापणारी नळी बंद ठेवून, 12 व्होल्टच्या ॲडाप्टरवर चालवलं तरी त्याला 10 ते 20 लागतील.

व्होल्टेज उतरलं की पंखा मंदावतो, हवेच्या झोताने दबणारा सेल स्विच दबत नाही आणि गॅसची झडप उघडत नाही. पहाटे फर्नेसमधून गार वारा येऊ लागतो. ब्राइस 8000 फुटांवर आहे, ऑक्टोबरात रात्री पारा शून्याखाली जातो. म्हणून ती रात्र फुकट काढू नका, हुकअप (वीज-पाणी जोडून मिळणारी जागा) घ्या. पार्कमधल्या कॅम्पग्राउंडमध्ये वीज नाही, बाहेर रुबीज इनच्या आरव्ही पार्कमध्ये आहे.

बाकीच्या रात्रींसाठी सीपॅपला वेगळं पोर्टेबल पॉवर स्टेशन न्या, साधारण 500 वॉट-अवरचं. गाडी चालू असताना ते चार्ज करा. विमानात एवढी बॅटरी नेऊ देत नाहीत, व्हेगसमध्येच घ्यावं लागेल. जनरेटरवर अवलंबून राहणार असाल तर पेट्रोल पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नका. त्याची नळी टाकीत तेवढ्या उंचीवर असते, त्यामुळे तो आपोआप बंद पडतो. भाड्याच्या गाडीत जनरेटरचे तासाप्रमाणे पैसेही लागतात.

पायवाट:
मनापासून आभार. म्हणजे हरिकेनला दोन रात्री फुकट, ब्राइसला हुकअप, पेजला वॉलमार्टला फोन करून बघायचं, टुसायानला एक फुकट आणि शेवटची रात्र ग्रँड कॅनियनमध्ये हुकअपवर. जमेल ना? आणि टाक्या कधी रिकाम्या करायच्या?

माळरान:
जमेल. शेवटच्या रात्रीसाठी साउथ रिमवरचं ट्रेलर व्हिलेज, म्हणजे हुकअपवालं आरव्ही पार्क, आजच बघा, लवकर भरतं. मॅदर कॅम्पग्राउंडला हुकअप नाही.

झायनहून ब्राइसला जाताना मात्र पार्कमधल्या बोगद्याचा रस्ता धरू नका. 11 फूट 4 इंचांहून उंच गाड्यांवर तिथे निर्बंध आहेत, आणि क्लास सी बहुधा त्याहून उंच असते. हरिकेनहून 59, पुढे ॲरिझोनाचा 389, फ्रेडोनिया, कनॅब, मग 89 असं जा.

पाच माणसांत आधी भरते ती ग्रे टाकी (अंघोळीच्या, भांड्यांच्या सांडपाण्याची), म्हणून अंघोळी ब्राइसच्या हुकअपवर उरका आणि निघताना तिथेच टाक्या रिकाम्या करा. आधी ब्लॅक (संडासाची), मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. ब्लॅक टाकीचा व्हॉल्व्ह मुक्कामभर उघडा ठेवू नका, पाणी वाहून जातं आणि घट्ट मैला तळाशी बसतो. मग टँक ट्रीटमेंट (ब्लॅक टाकीत घालायचं औषध) आणि चार-पाच लिटर पाणी घालून पुढे निघा.