क्लिनिकमधे सगळे शब्द बरोबर, चार माणसांत बसलं की शून्य. मशीन गोंगाटात कसं तपासायचं?

निरगाठ
बाबांसाठी सध्या दोन कंपन्यांची कानाची मशीन्स ट्रायलवर आणलीयेत. वय ७४, दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, स, श, फ असली अक्षरं जातात. क्लिनिकमधे मशीन लावून टेस्ट केली की एकदम मस्त, जवळपास सगळे शब्द बरोबर. घरी दोघंतिघं असलो तरी ठीक. पण सातआठ जण जमले, दोघं इकडे बोलतायत, तिकडे टीव्ही चालू, कोणीतरी भांडी आपटतंय, की बाबा नुसते हसून मान डोलवायला लागतात आणि आम्ही समजतो की गाडी सुटली. दोन्ही माहितीपत्रकांत 'गोंगाटातही स्पष्ट' असंच छापलंय. यातलं कोणतं खरंच बरं हे तपासायची काही धड पद्धत आहे का? बाबांना विचारलं की 'दोन्ही बरी आहेत' एवढंच म्हणतात.

कानोसा
मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणून थोडं लांबण लावते. ऑडिओग्राम म्हणजे शांत खोलीत किती हळू आवाज ऐकू येतो एवढंच. गोंगाटातून बोलणं वेगळं काढता येतं का, हे त्यातून कळत नाही. हुबेहूब सारखा ऑडिओग्राम असलेली दोन माणसं गर्दीत अगदी वेगळी निघतात, रोज बघते.

त्यामुळे गोंगाटातल्या बोलण्याची टेस्ट मागून घ्या. क्विकसिन म्हणून एक आहे, त्यात सहा वाक्यं असतात, मागे चार जणांची बडबड चालू असते. पहिल्या वाक्याला बोलणं बडबडीपेक्षा २५ डेसिबलने वर, मग दर वाक्याला फरक ५ ने कमी, शेवटच्या वाक्याला दोन्ही सारखेच. प्रत्येक वाक्यातले पाच शब्द मोजायचे आणि एकूण बरोबर शब्द २५.५ मधून वजा करायचे. उत्तर ३ च्या आत आलं तर जवळपास नॉर्मल, १५ च्या वर गेलं तर गर्दीत फार कठीण. वाक्यं मात्र बाबांच्या रोजच्या भाषेतली हवीत, नाहीतर कानाऐवजी भाषेचीच परीक्षा होते.

आणि त्याआधी एक बघा, मशीन लावलेलं असताना कानाच्या पडद्याजवळ पातळ नळी सरकवून आवाज मोजलाय का? नुसतं सॉफ्टवेअरने सुचवलेलं सेटिंग ठेवून दिलं असेल तर दोन मशीन्सची तुलना करण्यात काही अर्थच नाही, कदाचित एकाचा आवाज कमी सेट झालेला असेल आणि दोष कंपनीला जाईल.

जुनाजाणता
मी स्वतः बरीच वर्षं मशीन लावतोय. क्लिनिकमधला गोंगाट हा सोज्वळ गोंगाट असतो हो, बोलणारा समोर, आवाज बरोब्बर पाठीमागच्या स्पीकरमधून. डायरेक्शनल माईकला, म्हणजे समोरचा आवाज जास्त आणि मागचा कमी घेणाऱ्या माईकला, याहून सोपा पेपर नाही. प्रत्यक्षात बोलणारा डावीकडे, टीव्ही समोर, आणि वरून कोणीतरी मधेच उजवीकडून हाक मारतं.

अजून एक, 'हे नवीन मॉडेल आहे हं' असं सांगून मशीन लावलं की माणूस खरंच बरं ऐकतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना एकच मशीन दोन वेळा दिलं, एकदा 'नेहमीचं' म्हणून आणि एकदा 'नवीन' म्हणून, तर नवीन म्हटल्यावर गोंगाटातले मार्कही वाढले. त्यामुळे बाबांना कंपनी, किंमत काही सांगू नका.

डेसिबलवाला
वरचा मुद्दा शंभर टक्के. मी ध्वनी मोजण्याच्या कामात आहे. लॅबमधे आम्ही पुतळ्याच्या कानात मशीन घालतो, भोवती गोल स्पीकर लावतो आणि एक मस्त युक्ती करतो: बोलणं अधिक गोंगाट एकदा वाजवायचं, मग तेच परत, पण गोंगाटाची लहर उलटी करून. दोन्ही रेकॉर्डिंगची बेरीज केली की गोंगाट कटतो, वजाबाकी केली की बोलणं कटतं. मग मशीनने बोलण्याचं काय केलं आणि गोंगाटाचं काय केलं हे वेगवेगळं दिसतं. कधीकधी उघडं पडतं की नॉइज रिडक्शनने गोंगाट कमी केला पण त्याबरोबर बोलणंही तेवढंच खाली दाबलं, म्हणजे दोघांतला फरक होता तिथेच. कानाला निवांत वाटतं, थकवा कमी होतो, त्याची किंमत आहेच, पण शब्द जास्त कळतील असं नाही.

खोली घुमणारी असेल तर डायरेक्शनल माईकचा फायदाही बराच घटतो, कारण मागचा आवाज भिंतींवर आपटून पुढूनच येतो. बाय द वे, बाबांना कोणते डोम, म्हणजे मशीनच्या टोकाला कानात बसणाऱ्या मऊ टोप्या, दिलेत? भोकांचे उघडे असतील तर खालच्या पट्टीतला गोंगाट मशीनला वळसा घालून थेट कानात शिरतो, आत कितीही हुशार चिप असली तरी.

निरगाठ
उघडेच आहेत, दोन्हीला! घरी काही करून बघता येईल का?

कानोसा
येईल, पण डोमचं क्लिनिकमधेही बोलून घ्या, बंद डोम किंवा मोल्ड (कानाच्या मापाने बनवलेला साचा) कानाला झेपतात का ते बघावं लागेल, काहींना स्वतःचाच आवाज घुमल्यासारखा वाटतो.

घरी असं करा. गर्दीच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग दोनतीन फोनवर घ्या आणि फोन खोलीत वेगवेगळ्या बाजूंना ठेवा, सगळे पाठीमागे नकोत. एकमेकांशी संबंध नसलेली, आधी न ऐकलेली वाक्यं एकानेच वाचायची, एकाच अंतरावरून, आणि वाचणाऱ्याने गोंगाटात आपोआप आवाज चढतो तो चढू द्यायचा नाही. जमलं तर वाक्यंही रेकॉर्ड करूनच वाजवा. बाबांनी वाक्य परत म्हणायचं, तुम्ही फक्त शब्द मोजायचे, 'कसं वाटलं' विचारायचं नाही. दुसऱ्या मशीनला नवी वाक्यं. मशीनला आजूबाजूची परिस्थिती ओळखून प्रोग्राम बदलायला थोडा वेळ लागतो, म्हणून आधी गोंगाट चालू करा, मिनिटभर थांबा, मग पहिलं वाक्य.

जुनाजाणता
आणि दोनतीन शब्दांच्या फरकाने निकाल लावू नका, तेवढं इकडेतिकडे होतंच, दुसऱ्या दिवशी उलट क्रमाने परत घ्या. दोन्ही सारखीच निघाली तर बोलणाऱ्याच्या गळ्यात अडकवायचा छोटा माईक मिळतो तो मागून बघा, माझं लग्नकार्यांत त्याच्याशिवाय पानही हलत नाही.