दाताला तार बसवलेल्या पोरीला खो-खो खेळू द्यावं का?

पोरीचा_बाप (कळंब, जि. धाराशिव)

नमस्कार मंडळी. पोरगी सातवीत आहे. २०२० साली खो-खो खेळणाऱ्या सारिका काळेंना अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा ही पहिलीत होती. आपल्याच जिल्ह्यातली बाई म्हणून घरात दोन दिवस तोच विषय. तिथून पोरीनं मैदान धरलं ते आजपर्यंत.

दिवाळीनंतर लातूरला तिच्या दाताला तार बसवली, वर आणि खाली दोन्हीकडं. दीड-दोन वर्षं लागतील म्हणालेत. महिन्याला एकदा एसटीनं लातूर.

मागच्या मंगळवारी सरावात हिनं खांबाजवळ सूर मारला आणि पळणाऱ्या पोरीचा गुडघा तोंडावर बसला. दात शाबूत राहिले, पण वरचा ओठ आतून तारेत असा रुतला की काजात बटन बसावं. सरांनी पाण्याच्या चुळा भरायला लावून हळूहळू सोडवला. पांढरी बनियन छातीपर्यंत लाल.

मी घाबरून ऑनलाइन साडेतीनशेचं गार्ड मागवलं, खेळताना मार बसू नये म्हणून दातांवर घालायचं, गरम पाण्यात बुडवून चावायचं असतं ते. चावलं, आणि निघेना. ओढून काढलं तर उजव्या सुळ्यावरचा ब्रॅकेट, म्हणजे तार धरायला दाताला चिकटवलेला बारीक तुकडा, निखळला. आता तो तारेवर मण्यासारखा फिरायलाय.

आमची आई, मेहुणा, शेजारचे, सगळे म्हणायलेत की तार निघेपर्यंत खेळ बंद करा. पोरगी दोन दिवस जेवली नाही. पुढच्या महिन्यात जिल्हास्तर शालेय स्पर्धा आहेत. काय करावं? अजून एक भानगड आहे. गार्ड तोंडात असलं की हिचा 'खो' उमटत नाही, 'हो' येतो. सर म्हणतात, पंच ऐकून घेणार नाहीत.

कबड्डीवाल्याची_आई (परभणी)

भाऊ, पोरीला आधी जेवू घाला. माझा लेक चढाई करतो आणि दोन वर्षं तार घालूनच खेळला. खेळ बंद केला असता तर त्यानं तारच उपटली असती!

मेण जवळ ठेवा, दाताच्या डॉक्टरकडं मिळतं. हरभऱ्याएवढा गोळा घ्यायचा, ब्रॅकेट आधी कोरड्या कापडानं टिपायचा आणि मग दाबून बसवायचा. ओल्यावर टिकत नाही. पण मेण म्हणजे गार्ड नव्हे. ते टोचण्यापुरतं आहे, मार अडवत नाही.

गार्डची डबी गाडीच्या डिकीत ठेवू नका. मे महिन्यात आम्ही ती चूक केली. संध्याकाळी काढलं तर गार्डचं पुरणपोळीसारखं पसरट झालेलं. धुवायचं तेही गार पाण्यानंच. (आणि हुरड्याच्या दिवसात देवच वाचवो, एकेक दाणा तारेतून टोकरून काढत बसावं लागतं.)

दातांची_डॉक्टर (नांदेड)

मी तारांचंच काम करते. खेळ बंद करायची गरज नाही. बिनगार्डचा खेळ तेवढा बंद करा.

तुमचं कुठं चुकलं ते सांगते. गरम पाण्यातलं गार्ड मऊ होऊन दाताच्या आकारात बसतं. साध्या दाताला ते चांगलं. पण तार असली की ते ब्रॅकेटच्या खाचांत शिरतं आणि थंड झालं की तिथंच कुलूप लागतं. दुसरं म्हणजे आम्ही दात सरकवायला बघतो आणि घट्ट गार्ड त्याला जागेवर धरून ठेवतं. महिन्याभरात दात हलला की तेच गार्ड बसतही नाही.

म्हणून दोन रस्ते. एक, खास तारवाल्यांसाठी मिळणारं सिलिकॉनचं गार्ड. त्याला उकळायचं नसतं, आत ब्रॅकेटसाठी पन्हळीसारखी जागा असते. दुसरा, माप घेऊन बनवलेलं. त्यात साच्यावर ब्रॅकेटभोवती जागा भरून घेतात आणि मग वर शीट दाबतात. ते जास्त नीट बसतं, पण दात सरकले की परत बघावं लागतं. एरवी वरच्याच दातांना गार्ड पुरतं, पण तिला खालीही तार आहे, म्हणून दोन्ही झाकणारं विचारा.

सुटलेला ब्रॅकेट ओढू नका. तारेवरच राहू द्या, मेण लावा आणि महिन्याची तारीख यायची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. ओठ फाटला तर स्वच्छ कापडानं दहा मिनिटं दाबून धरायचं, मधेच उघडून बघायचं नाही.

'खो'चं म्हणाल तर जीभ शिकते. रोज दहा मिनिटं गार्ड घालून मोठ्यानं धडा वाचायला लावा.

निवृत्त_पीटी_सर (अंबाजोगाई)

डॉक्टरबाई, एक भर घालतो. एका पोराचा समोरचा पक्का दात मैदानावर मुळासकट पडला होता. आम्ही कागदात गुंडाळून नेला. वाळून गेला, लागला नाही. पुढं कळलं की दुधात टाकून न्यायचा असतो. तेव्हापासून सामन्याला पेटीत बँडेजबरोबर पाव लिटर दुधाची पिशवी असायची. पोरं हसायची. न लागलेलं दूध संध्याकाळी चहात जायचं.

दातांची_डॉक्टर (नांदेड)

सर, अगदी बरोबर. वरच्या पांढऱ्या भागाला धरायचं, मुळाला बोट लावायचं नाही. माती लागली असेल तर पाण्याखाली क्षणभर धरायचं, घासायचं नाही. जमलं तर तिथंच खाचेत बसवून रुमाल चावायला द्यायचा, नाहीतर दूध. अर्ध्या तासात डॉक्टर गाठला तर आशा चांगली, तासानंतर कमी होत जाते. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही.

क्रिकेटवेडा_जालना

माझी तार नाही, दात सरळ करायला घालायचे पारदर्शक ट्रे आहेत. तेच गार्डचं काम करतील ना?

दातांची_डॉक्टर (नांदेड)

नाही. पातळ असतात, मारानं तडकतील. खेळताना काढून डबीत ठेवा, गार्ड घाला आणि खेळ संपला की चूळ भरून लगेच परत घाला. दिवसाचे वीस-बावीस तास ट्रे तोंडात हवेत, खिशात नकोत.

पोरीचा_बाप (कळंब)

सगळ्यांचे आभार. शनिवारी लातूरला जाऊन आलो. ब्रॅकेट परत चिकटवला आणि सिलिकॉनचं गार्ड घेतलं. बाईंनी लिहिलं तशी आत पन्हळ आहे, ओढलं की सुटून येतं. पहिल्या दिवशी लाळ गळाली, दुसऱ्या दिवशी कमी.

कालपासून ओसरीत बसून इतिहासाचा धडा गार्ड घालून वाचायलीय. शिवाजी महाराजांचं 'हिवाजी' होतंय. पण 'खो' आता कडक निघतो. काल अंधारात एकदा ओरडली तर आमची आई आतून म्हणाली, "कोण आलंय गं?"

सरांना दुधाच्या पिशवीचं सांगितलंय. ते म्हणाले, पिशवी मी आणतो, चहापत्ती तुम्ही आणा.