अ‍ॅक्सोलॉटलले काचेच्या बाहेरचं दिसते का?

कापूसवाला_दारव्हा:
राम राम मंडळी. मामेभाऊ पुण्याले जॉबवर आहे, त्याची बदली झाली तर त्याचा अ‍ॅक्सोलॉटल आमच्या घरी आला. सरड्यासारखा दिसणारा, पण पाण्यातच राह्यणारा उभयचर प्राणी आहे हा. पांढरा-गुलाबी, डोळे काळे, डोक्याच्या दोन्ही बाजूनं लाल गिल (कल्ले). टँक समोरच्या खोलीत लाकडी टेबलावर ठेवला, बाजूले खिडकी. आता होते काय, मी जवळ गेलो का हा काचेपाशी येऊन तोंड वर करून पाहत राह्यते. आई म्हणते तुले ओळखून राहिला, बाबा म्हणते त्याले काय दिसते कप्पाळ, तुह्या पायाच्या आवाजानं येते. खरं काय ते सांगा, घरात रोज याच्यावरच चर्चा चालू आहे.

पाणगोष्टी:
भाऊ, दिसतं, पण अंधुक. नजर कमजोरच असते त्यांची. उजेड-अंधार, सावली आणि हलणारी मोठी वस्तू एवढं कळतं, तुमचं नाकडोळे काही कळत नसतील. मूळचा मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्कोच्या कालव्यांतला, गढूळ पाण्यातला, तिथं डोळ्याचा उपयोग तो किती. खाणं शोधतो वासावर, आणि पाण्यातली हालचाल अंगावरच्या बारीक इंद्रियांनी कळते. गांडूळ तोंडापुढं वळवळलं की तोंड एकदम उघडून पाण्यासकट ओढून घेतो, पाहाल एकदा.

बेंबळा_काठ:
म्हणजे बाबाच बरोबर निंगाले 😄 लाकडी टेबल हाय ना, चाललं का फरशीवरून धक्का टेबलात आन् तिथून पाण्यात जाते. आंधळ्याले बी कळन.

पाणगोष्टी:
अर्धं बरोबर. टेस्ट करून पाहा ना. आधी टँकपासून हातभर लांब चुपचाप उभं राहायचं, हलायचं नाही, तो शांत झाला की फक्त हात हळूच इकडून तिकडं न्यायचा, टेबलाला न शिवता. मग दुसऱ्या वेळी त्याला दिसणार नाही असं आडोशाला उभं राहून फरशीवर पाय आपटायचा. हे जेवणाच्या टायमाला नका करू, भुकेला असला की तो कशालाही येतो. आणि दिवसाच करा, रात्री टँकचा लाइट चालू अन् खोलीत अंधार असला की आतून काच आरशासारखी होते, बाहेरचं काय दिसणार.

कापूसवाला_दारव्हा:
केलं आज दुपारी. हात हलवला तर मान वळवली अन् हळूहळू हाताच्या मागं मागं आला. मंग भिंतीच्या मागून पाय आपटला तर दचकला, पण काचेकडं नाही आला, उलट मडक्याच्या तुकड्याखाली घुसला. बाबा म्हणते हाताची हवा लागली असन!! काचेतून हवा कशी लागन बाप्पा. बरं, गांडूळखताच्या बेडातले लाल गांडूळ टाकले तर तोंडात घेऊन थुकून देते, काहून?

पाणगोष्टी:
ते लाल गांडूळ कडवट असतात, बरेचसे थुंकतात. साधे मोठे गांडूळ द्या, पण कपाशीच्या वावरातले नको, तुमच्याकडं फवारण्या किती होतात ते तुम्हालाच माहीत. ओळखण्याचं म्हणाल तर आकृती आली की खाणं येतं एवढं डोक्यात बसतं, म्हणून येतो. आईंनी रोज चारलं तर आईंकडंही तसाच येईल.
आता मुद्द्याचं, ती खिडकी. त्याला पापण्याच नसतात, डोळे मिटता येत नाहीत, म्हणून उजेडाचा त्रास होतो. टँक तिथून हलवा, लपायला मडकं आहे ते चांगलं.

बेंबळा_काठ:
उजेडाचं सोडा, मे महिन्यात काय करान? पाणी १६ ते १८ डिग्री पायजे त्याले, २४ च्या वर गेलं का तब्येत बिघडते. इथं ४५ असते बाहेर, कूलरनं काही होत नाही. चिलरच (पाणी थंड करायची मशीन) लागन, अन् लाइट गेली तर बर्फाच्या बंद बाटल्या तयार ठेवजा.

पाणगोष्टी:
हो, आणि परदेशी प्राणी आहे, सायटिसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतला, त्यामुळं केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते. मामेभावानं केली होती का ते विचारून घ्या, आता तो तुमच्याकडं आहे ना.

कापूसवाला_दारव्हा:
त्यानं तर असं काही सांगतलंच नाही. आज रात्रीच फोन करतो त्याले. अन् चिलर केवढ्याले भेटते, कोणाकडं जुना असन तर सांगजा.