फोर बाय फोर सुटेना! तुमच्याही गाडीने असा घोळ घातलाय का?

मंडळी, परवा माझ्या पिकअपने भर तिठ्यावर माझी अब्रू काढली. मळ्यात खताच्या बारा गोणी टाकून परत येत होतो. बांधाजवळच्या चिखलातून निघायला फोर-हाय टाकलं, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद दिली, डांबरीवर येऊन लिव्हर ओढतो तर ती जागची हलेना. दोन हातांनी ओढली, शिव्या घातल्या, काही नाही. तिठ्यावर वळवताना स्टेअरिंग दगडासारखं जड, पुढचे टायर कुईकुई करतायत, गाडी कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी. शेजारचा रिक्षावाला म्हणतो, "काका, हँडब्रेक राहिलाय!"

घरी गोठ्याकडे रिव्हर्स घेतली आणि आपोआप टक् आवाज होऊन लिव्हर सुटली. मिस्त्री म्हणतो काही झालेलं नाही. मला ते पटत नाहीये. तुमची गाडी कधी अशी अडकली होती का? लिव्हरची होती की बटणाची, कशी सुटली, खर्च किती आला, सगळं लिहा.

घाटगॅरेज: तुमचा मिस्त्री बरोबर बोलतोय. बहुतेक पिकअपना पार्ट-टाइम फोर बाय फोर असतं. म्हणजे पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारा दांडा) ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीत, एकमेकांना घट्ट बांधले जातात; दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल मध्ये नसतं. वळताना पुढची चाकं मोठा फेरा मारतात, मागची आतून जातात. चिखलात चाक थोडं घसरतं आणि हिशेब मिटतो. डांबरावर घसरायला वावच नाही, मग तो फरक शाफ्टमध्ये पीळ होऊन बसतो आणि शाफ्ट जोडणारी आतली दात्यांची स्लीव्ह चिमटल्यासारखी अडकते. सुंभ जळतो पण पीळ जात नाही, तसला प्रकार. लिव्हरशी मारामारी केलीत तर ती स्लीव्ह सरकवणारा फोर्क वाकेल, मग खरा खर्च.
स्टेअरिंग सरळ करा, गाडी सरळ रेषेत पाच-दहा मीटर रिव्हर्स घ्या, क्लच दाबलेला ठेवून लिव्हर हलक्या हाताने ओढा. नाही सुटली तर एका बाजूची चाकं मातीत उतरवून परत तेच. अगदीच हट्टाला पेटली तर मागच्या चाकांना दगड लावून पुढचं एक चाक जॅकवर उचला. पीळ सुटताना ते चाक झटक्यात फिरतं, तेव्हा हात लांब. आमच्याकडच्या एका पोऱ्याचं मनगट त्यात दुखावलंय.

मस्कतकर: ओमानात जबल अख्दरला जाताना पायथ्याशी पोलीस चौकी आहे. फोर बाय फोर असल्याशिवाय वर सोडत नाहीत. मी नवखा, मला वाटलं चौकीपासूनच टाकायचं असतं. रस्ता चक्क डांबरी! वळणावळणाचा घाट फोर-हायमध्ये चढलो. वर पोचलो तेव्हा गाडी पार्किंगमध्ये धड वळेना. एका बलुची ड्रायव्हरने खुणेनेच सांगितलं, मागे घे, मागे घे. बाजूच्या खडीवर रिव्हर्स घेतली, सुटली. खर्च शून्य, लाज भरपूर.

आमराईवाला: माझ्याकडे व्हॅक्यूमवर (हवेच्या ओढीवर) चालणारे हब, म्हणजे पुढची चाकं अ‍ॅक्सलला जोडणारे-सोडणारे भाग. बटण टूव्हीलवर, डॅशबोर्डवरचा दिवा विझलेला, तरी पुढून घरघर आणि डिझेल जास्त. एका गॅरेजने मोटर गेली म्हणून २८ हजार सांगितले. गावातल्या म्हाताऱ्या फिटरने पुढचं चाक उचललं, हाताने फिरवलं; खाली पुढचा प्रोपेलर पण फिरतोय! म्हणजे हब सुटलेच नव्हते. आमच्या गाडीत हब जोडायलाही व्हॅक्यूम लागतो आणि सोडायलाही, आणि पाइप उंदराने कुरतडला होता. पाइप चाळीस रुपयांचा. फिटरने मजुरी म्हणून चहा घेतला.

बर्फातली_ताई: मिनेसोटा. आमच्याकडे लिव्हरऐवजी गोल नॉब आहे, लिव्हरचं काम शिफ्ट मोटर करते. बर्फासाठी रस्त्यावर टाकलेल्या मिठाने त्या मोटरचं कनेक्टर हिरवं पडलं होतं. नॉब फिरवला की दिवा नुसता लुकलुकायचा, मोटरचा आवाज नाही. आधी फ्यूज पाहिला, ठीक होता. मग मुलाने खाली झोपून मोटरवर हातोडीच्या दांड्याने दोन टपल्या मारल्या आणि फिरली! महिनाभर त्या टपल्यांवर काढला, शेवटी मोटर बदलली. बटणवाल्यांनो, फोर-लो (चारही चाकं, पण हळू आणि जास्त जोर) काढताना गाडी उभी आणि न्यूट्रलमध्ये हवी. आमच्या घरातलं अर्धं भांडण त्यावरूनच झालंय.

चिखल्या: माझी सुटलेली होती, दिवा तेवढा चालू होता. ट्रान्सफर केसवरच्या स्विचमध्ये चिखल. आठ दिवस उगाच जीव टांगणीला.

जुनाजीपवाला: हाताने फिरवायचे हब. एक फ्री केला, दुसरा विसरलो, पनवेलपर्यंत तसाच आलो. पुढे बोलायचं नाही.

घाटगॅरेज: धागाकर्ते, टायर बघितलेत का? पुढे नवे, मागे झिजलेले असतील तर सरळ रस्त्यावरही पीळ चढतो. रबरात ६ मिलिमीटरचा फरक असेल तर कागदावर एका फेऱ्याला जवळजवळ ४ सेंटिमीटर होतात. किलोमीटरमागे किती, तुम्हीच काढा.

धागाकर्ता: आज दोरी घेऊन चारही चाकं मोजली. तीन सारखी. मागचं डावं दोन बोटं कमी भरलं. ती स्टेपनी आहे. मूळ चाक मे महिन्यात पंक्चरवाल्याकडे टाकलं होतं, ते अजून तिथेच आहे. बायकोला अजून सांगितलेलं नाही.