"दुखतंय म्हणजे काम होऊन राहिलंय"? कॉर्सेटच्या त्या पोस्टला उत्तर

सुईदोरा_इतवारी
कालच्या "सात दिवसांत कॉर्सेटची सवय" या पोस्टने डोकं फिरवलं माझं. न वाचलेल्यांसाठी: कॉर्सेट म्हणजे कंबर बारीक दिसावी म्हणून घालायचा, स्टीलच्या पट्ट्यांचा न मागून नाडीने आवळायचा पट्टा. त्या पोस्टचा सल्ला: पहिल्याच दिवशी पूर्ण आवळा, दिवसभर घाला, झोपतानाही काढू नका, दुखलं तर समजा काम होऊन राहिलंय. खाली पोरींची रांग, "ताई, लिंक द्या ना."

मी लेडीज टेलर. लग्नाच्या सीझनमध्ये लेहंग्याच्या चोळीत पट्ट्या घालून देते, म्हणून कमरेवर उठलेले वळ ट्रायल रूममध्ये रोज बघते. नवा कॉर्सेट आधी सैलच घालायचा. दिवसातून तास-दोन तास, नाडी इतकीच ओढायची की वरच्या काठातून बोटं सहज आत जावीत. कापड न स्टीलच्या पट्ट्या अंगावर हळूहळू वळण घेतात, त्यात आठवडा-दोन आठवडे जातात. मग थोडं थोडं आवळा. आत सुती बनियन हवीच. कंबर ३२ असेल तर पहिला कॉर्सेट २८ चा, २४ चा नाही. आरशात पाठ बघा: नाडीची फट वरपासून खालपर्यंत सारखी पाहिजे. वर मिटली न खाली फाकली, तर घेर तुमच्या अंगाचा नाही, तो काचणारच. काढताना आधी मागची नाडी सैल करा, मग पुढचे हूक. आणि मुंग्या येणं, श्वास अपुरा पडणं याला सवय म्हणत नाहीत. तिथल्या तिथे काढा.

महालची_राणी
टेलरताई, तुमचा सल्ला घाबरटांसाठी ठीक आहे. मी ऑफिसला दिवसभर घालते. पहिले काही दिवस रडले, आता घातला नाही तर उघडंउघडं वाटतं. पाठ सरळ राहते, कंबर दुखणं थांबलं. माझं शरीर, माझी नाडी. तुम्हाला काय त्रास?

वाळ्याची_ताटी
बाप्पा! मे महिन्यात ४५ डिग्रीत इथं माणूस कूलरसमोरून हलत नाही, न ह्या स्टील बांधून सीताबर्डीत फिरून राहिल्या. घामोळं कुठं कुठं आलं तेही लिहा ना राणीसाहेब.

फिजिओ_मानेवाडा
दाबून चरबी जात नाही. जठर-आतडी सरकतात, पट्टा काढला की काही तासांत कंबर मूळ मापावर. सर्वांत खालच्या बरगड्या समोरून कशालाच जोडलेल्या नसतात, म्हणून त्या आधी आत जातात. फ्रेंच डॉक्टर ओ'फॉलोवेलने १९०८ मध्ये कॉर्सेट घातलेल्या बायकांचे एक्स-रे छापले होते, शोधून बघा. शिवाय जेवणानंतर छातीत जळजळ. मांडीची बाहेरची बाजू बधिर होत असेल तर कमरेजवळची नस दबते आहे. न राणीताई, पाठ सरळ राहते कारण पट्टा ती धरून ठेवतो. तुमचे स्नायू तेवढा वेळ सुट्टीवर.

महालची_राणी
मग माझ्या काकांना डॉक्टरनेच कमरेचा पट्टा का दिला? तो चालतो, बायकांनी सुंदर दिसायला घातला की पाप?

फिजिओ_मानेवाडा
तो ठरावीक दिवसांसाठी देतात, सोबत व्यायामही सांगतात. तुमचे काका व्यायाम करत नसतील तर माझा इलाज नाही.

नातवाची_आजी
एवढा गाजावाजा कशाला? आपल्याकडे बाळंतिणीचं पोट जुन्या लुगड्याने बांधतातच की. आम्हा सगळ्यांची बांधली. कुणाच्या बरगड्या गेल्या?

दुसऱ्या_बाळाची_आई
आजी, तुमच्या पिढीला त्रास सांगायची मुभा होती का? सासूबाईंनी सिझरच्या टाक्यांवर इतकं घट्ट बांधलं की मला धड हसता येईना. "पोट सुटेल, मग नवरा बघणार नाही" हे वर. अजून शिंकले तरी लघवी होते.

नातवाची_आजी
तेल, शेक, पट्टा सगळं प्रेमानेच केलं असेल ना तिनं. आजकालच्या पोरींना सासूचं काहीच गोड लागत नाही.

दुसऱ्या_बाळाची_आई
प्रेमानेच? काहून व्हय, मी कळवळून "सैल करा" म्हणत होते तेव्हा हे प्रेम कुठं होतं? न "आजकालच्या पोरी" हा डायलॉग बंद करा आता.

फिजिओ_मानेवाडा
दोघी थांबा. सिझरनंतर हलका पट्टा उठता-बसताना आधार देतो, त्यात चूक नाही. फार आवळला तर पोटातला दाब खाली जातो न ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर ताण येतो. शिंकताना गळण्यावर व्यायाम आहेत, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. लाजू नका.

नातवाची_आजी
म्हणजे बांधायला हरकत नाही. तेच तर मी म्हणत होते.

दुसऱ्या_बाळाची_आई
हो आजी, तुम्हीच जिंकल्या. हार घालू का?

वाळ्याची_ताटी
कॉर्सेटचा धागा बाळंतिणीच्या खोलीत गेला. आता डिंकाच्या लाडवांची रेसिपी येऊ द्या.

सुईदोरा_इतवारी
नाडीबद्दल लिहिलं होतं मी! लंडनच्या बायकांनी १८८१ मध्ये घट्ट कपड्यांविरुद्ध सोसायटी काढली, आपण अजून सासूवरच अडकलोय. राणी, भांडण ठेव बाजूला. मागून फोटो काढून बघ, फट कशी दिसते?

महालची_राणी
बघितली. वर मिटलेली, खाली फाकलेली. झालं समाधान? घालणं काही सोडणार नाही, पण माप बदलीन. न झोपताना घालत नव्हतेच मी, ते त्या पोस्टवालीचं.

फिजिओ_मानेवाडा
चला, रात्रीचे आठ तास तरी बरगड्यांना मिळतात. आभारी आहोत.

सुईदोरा_इतवारी
माप द्यायला ये, पण जेवून ये. सगळ्या उपाशीपोटी श्वास आत ओढून टेप लावून घेतात, न मग पंगतीत बसल्यावर टेलरला शिव्या.