प्रतिसाद: खुनी कोण हे माहीत असूनही

रहस्य एकदा कळलं की ती कलाकृती पुन्हा पाहण्यात अर्थ नाही, हा तुमचा मुद्दा मला पटत नाही. तसं असतं तर 'कोलंबो' ही अमेरिकन डिटेक्टिव्ह टीव्ही मालिका चाललीच नसती. बहुतेक भागांत खून कोणी केला हे सुरुवातीलाच दाखवून टाकतात. मजा पुढे आहे: डिटेक्टिव्ह कोलंबो झालेल्या पीटर फॉकचा चुरगळलेला रेनकोट, निघता निघता दारात थबकून विचारलेला 'अजून एकच' प्रश्न, आणि समोरच्या अतिशहाण्याचा उतरत जाणारा चेहरा.

सिनेमात माझं मत '१२ अँग्री मेन'ला (१९५७): एका खोलीत बसून खुनाच्या खटल्याचा निकाल ठरवणारे बारा ज्युरी. निकाल पाठ असला तरी दर वेळी खिळून बसतो. पुन्हा पाहाल तेव्हा कॅमेऱ्यावर लक्ष ठेवा. दिग्दर्शक सिडनी लुमेटने तो सुरुवातीला डोळ्यांच्या पातळीच्या वर ठेवलाय, मग हळूहळू खाली आणलाय. लेन्सही लांब पल्ल्याच्या होत जातात. खोली तीच, पण भिंती जवळ सरकल्यासारख्या वाटतात आणि शेवटी छतही दिसू लागतं. पहिल्यांदा पाहताना हे कुठलं कळायला!

पुस्तकांत अगाथा ख्रिस्तीबाईंचं 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड'. दुसऱ्या वाचनात जास्त आवडतं, याहून जास्त सांगत नाही.

व्हिडिओ गेम्सबाबत मात्र तुमचं म्हणणं मान्य. 'रिटर्न ऑफ द ओब्रा दिन'मध्ये (२०१८) जहाजावरच्या ६० जणांचं काय झालं ते शोधायचं असतं, आणि तिघांचं बरोबर जुळल्याशिवाय गेम दाद देत नाही, त्यामुळे नुसता अंदाजपंचे चालत नाही. अफाट आहे, पण उत्तरं डोक्यात असताना परत खेळणं जमत नाही.